गेममधले ऑर्क आले कुठून? टॉल्किन यांची गोष्ट

फँटसी गेम सुरू केला की बहुतेक वेळा पहिलाच स्क्रीन विचारतो, तुमची रेस कोणती? एल्फ, ड्वार्फ, माणूस की ऑर्क? एल्फ घेतला तर चपळाई वाढते, ऑर्क घेतला तर ताकद. आपण टॅप करतो आणि पुढे जातो. पण कुणाची ताकद किती आणि बुद्धी किती हे जन्मावरून ठरवणारा हा प्रकार आला कुठून? याचा माग काढत गेलं की आपण ऑक्सफर्डच्या एका प्रोफेसरांपाशी पोहोचतो. आज मी त्यांच्याबद्दल सांगणार आहे, कारण त्यांच्या आयुष्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सापडतात.

अनाथ मुलगा आणि भाषांचं वेड

जॉन रोनाल्ड रुएल टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ चा, ब्लूमफाँटेनचा. हे शहर आज दक्षिण आफ्रिकेत आहे. वडील तिथे बँकेत नोकरीला होते. टॉल्किन तीन वर्षांचे असताना आई दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आली. वडील मागे राहिले आणि १८९६ मध्ये तिकडेच वारले. १९०४ मध्ये आईही गेली. तेव्हा टॉल्किन बारा वर्षांचे होते.

त्यांना वेड होतं भाषांचं. लॅटिन, जुनी इंग्रजी, फिनिश अशा भाषा शिकता शिकता ते स्वतःच्या भाषाही बनवू लागले. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ते फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत होते. खंदकातल्या तापाने आजारी पडून परत आले, पण जिवलग मित्र युद्धात गमावून. १९२५ पासून ते ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि १९३७ मध्ये त्यांचं ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झालं.

हिटलरच्या काळातलं एक पत्र

मला त्यांच्या आयुष्यातली ही घटना सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९३८ मध्ये एका जर्मन प्रकाशकाला ‘द हॉबिट’चा अनुवाद काढायचा होता. त्याने आधी विचारलं की लेखक आर्य वंशाचे आहेत ना? टॉल्किन चिडले. त्यांनी उत्तराचे दोन मसुदे तयार करून आपल्या इंग्लंडमधल्या प्रकाशकाकडे दिले. त्यातल्या कडक मसुद्यात त्यांनी भाषातज्ज्ञ म्हणून सुनावलं, की आर्य हा शब्द भारत-इराणकडच्या भाषांशी जोडलेला आहे आणि आपल्या पूर्वजांपैकी कुणी त्या भाषा बोलत असल्याचं आपल्याला माहीत नाही. आणि प्रश्न ज्यू असण्याचा असेल, तर त्या गुणी लोकांचं रक्त आपल्यात नाही याची खंत वाटते, असंही लिहिलं. १९५९ मध्ये निवृत्तीच्या भाषणातही त्यांनी जन्मभूमीतल्या वर्णभेदाबद्दलचा तिटकारा उघडपणे बोलून दाखवला.

मग ऑर्कचं काय?

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन भागांत आलं. त्यातले ऑर्क क्रूर आहेत आणि घोळक्याने मारले जातात. १९५८ च्या एका पत्रात टॉल्किन यांनी ऑर्कच्या दिसण्याचं वर्णन केलं: चपटं नाक, पिवळट कातडी, तिरपे डोळे. युरोपियनांना कुरूप वाटणाऱ्या मंगोल चेहऱ्यांचं हे बिघडलेलं रूप, असं ते लिहून गेले. वंशवादाला पत्रातून फटकारणाऱ्या माणसाने राक्षस रंगवताना मात्र आशियाई चेहरा उचलला. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण ऑर्कचा प्रश्न त्यांना स्वतःलाही छळत होता. ते कॅथलिक होते. दुष्टाला नवं काही निर्माण करता येत नाही, फक्त असलेलं बिघडवता येतं, अशी त्यांची श्रद्धा. मग ऑर्क आधी कोण होते? एल्फ की माणसं? ते जन्मजातच वाईट कसे असतील? उतारवयातही ते याची उत्तरं बदलत राहिले. पक्कं उत्तर न देताच २ सप्टेंबर १९७३ ला ते वारले.

गेमने शंका काढून टाकली

त्यानंतर काही महिन्यांतच, १९७४ मध्ये, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा हा गेम. त्यात टॉल्किनकडून एल्फ, ड्वार्फ, ऑर्क आणि हॉबिटसुद्धा आले. हॉबिट पुढे हक्कांच्या वादामुळे ‘हाफलिंग’ झाले.

पण गेमला नियम लागतात, आणि नियमाला आकडे. १९७८ च्या पुस्तकात हाफ-ऑर्कला ताकद १ ने जास्त आणि करिश्मा २ ने कमी. २०१६ च्या एका पुस्तकात तर ऑर्कची बुद्धी उणे २ होती! टॉल्किन ज्या प्रश्नाशी आयुष्यभर झगडत राहिले, त्याचं उत्तर एका रकान्यात छापून मोकळं. पुढे आलेल्या असंख्य कॉम्प्युटर आणि मोबाईल गेम्सनी हाच साचा उचलला.

आता काय बदललं?

२०२० मध्ये कंपनीने ऑर्कच्या बुद्धीतले ते उणे २ काढले आणि त्याच वर्षी वाढीव गुण हवे तिथे लावायची मुभा दिली. २०२४ च्या नव्या पुस्तकात ‘रेस’ऐवजी ‘स्पीशीज’ शब्द आहे, ऑर्क निवडता येतो आणि हे वाढीव गुण कॅरेक्टरच्या पार्श्वभूमीवरून, म्हणजे तो आधी काय काम करायचा, कुठे घडला, यावरून मिळतात.

काहींना हा बदल म्हणजे उगाच केलेली शोभा वाटते. मला नाही वाटत. शब्द बदलणं वरवरचं असेल, पण आकडा जन्माकडून काढून घडण्याला जोडणं, हा खरा बदल आहे. पुढच्या वेळी तो निवडीचा स्क्रीन आला की घाईने टॅप करू नका. प्लस आणि मायनस नेमके कशामुळे मिळतायत, तेवढं एकदा बघा.