सर हंफ्री डेव्ही

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. त्यातील पेंझन्स या समुद्रकाठच्या गावी १७ डिसेंबर १७७८ रोजी हंफ्री डेव्ही यांचा जन्म झाला. वडील लाकडावर कोरीव काम करीत. हंफ्री सोळा वर्षांचा होतो न होतो तोच ते वारले. मागे कर्ज आणि पाच मुले राहिली. हंफ्री त्यांत थोरला. पुढच्या वर्षी तो गावातील एका शस्त्रवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. औषधे कुटता कुटता, मिळेल त्या भांड्यांत रसायने मिसळून पाहण्याचा नाद त्याला लागला, आणि तो आयुष्यभर सुटला नाही.

१८०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांची नेमणूक झाली. तेथील त्यांच्या व्याख्यानांना श्रोत्यांची एवढी दाटी होई की, बाहेरच्या रस्त्यावर घोडागाड्यांना वाट मिळेनाशी होई. १८०७ साली त्यांनी विजेच्या प्रवाहाने पोटॅशियम आणि सोडियम हे दोन धातू प्रथमच वेगळे केले. पोटॅशियमचे चमकदार थेंब पेटताना पाहून ते आनंदाने प्रयोगशाळेत अक्षरशः नाचू लागले, असे सांगतात. पुढच्याच वर्षी त्यांनी मॅग्नेशियमसह आणखी चार धातू मिळवले. तुरटीत दडलेला एक धातू मात्र त्यांच्या हाती लागला नाही. तरी त्याचे बारसे त्यांनी करून ठेवले. तोच ॲल्युमिनियम. १८१५ साली त्यांनी खाणकामगारांसाठी अभयदीप तयार केला आणि त्यावर पेटंट घेण्याचे नाकारले. १८२० साली ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. मानाबरोबर थोडा अहंकारही आला. आपलाच साहाय्यक मायकेल फॅरडे त्या सोसायटीचा सभासद होऊ लागला, तेव्हा त्यांनी विरोध केला. एवढ्या मोठ्या माणसाला ते शोभले नाही.

१८२३ साली इंग्लंडच्या आरमाराने त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न ठेवला. त्या काळी जहाजे लाकडाची असत. समुद्रातील किडे लाकूड पोखरीत आणि तळाला शेवाळ व शिंपले चिकटून जहाजाचा वेग मंदावे. म्हणून तळावर तांब्याचे पत्रे ठोकीत. परंतु खाऱ्या पाण्याने हे पत्रे काही वर्षांतच खाल्ले जात आणि ते बदलण्यात फार पैसा खर्च होई.

पत्र्याचे तांबे वाईट आहे, असे अनेकांना वाटे. डेव्ही यांनी निराळा विचार केला. तांबे पाण्यात झिजते, तेव्हा तेथे विजेची क्रिया चाललेली असते, हे त्यांनी ओळखले. मग तांब्याला त्याच्याहून लवकर झिजणारा धातू जोडला तर? खाऱ्या पाण्यात त्यांनी तांब्याला जस्ताचा तुकडा जोडून पाहिला. जस्त झिजू लागले आणि तांबे लखलखीत राहिले. वाटाण्याएवढे जस्त चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याला पुरे पडे! शेजाऱ्यासाठी स्वतः झिजणारा हा धातू पाहून १८२४ च्या आरंभी त्यांनी आपला शोध रॉयल सोसायटीपुढे मांडला.

आता खऱ्या जहाजांची पाळी आली. त्यांत ‘समरंग’ नावाचे, हिंदुस्थानात बांधलेले एक युद्धनौकेचे गलबत होते. त्याच्या तळाला ओतीव लोखंडाचे ठोकळे जोडून त्याला अटलांटिकपार पाठवण्यात आले. पत्रे वाचले; डेव्ही यांचे गणित बरोबर ठरले. पण अशा जहाजांच्या तळांवर शेवाळ आणि शिंपले माजू लागले, आणि ती रखडत चालू लागली.

असे का व्हावे? तांबे झिजते तेव्हा त्याचा सूक्ष्म अंश पाण्यात उतरतो, आणि तो अंश लहान जलचरांना व शेवाळाला विषारी असतो. तांब्याचे झिजणे थांबले, तसे ते विषही थांबले. ज्याला सारे दोष समजत होते, तोच पत्र्याचा मोठा गुण होता! १८२५ साली आरमाराने ते ठोकळे काढून टाकण्याचा हुकूम दिला. वृत्तपत्रांनी डेव्ही यांची टर उडवली. हा घाव त्यांना फार लागला. १८२६ च्या अखेरीस त्यांना अर्धांगाचा झटका आला, पुढच्या वर्षी त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि २९ मे १८२९ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरी त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे पन्नास वर्षांचे होते.

त्यांचे तत्त्व मात्र खोटे नव्हते. पुढे लोखंडी जहाजे आली, त्यांच्या तळाला जस्ताचे ठोकळे बसू लागले. शिंपल्यांसाठी वेगळा रंग देण्यात येऊ लागला. विसाव्या शतकात तर डेव्ही यांनी नाव दिलेला ॲल्युमिनियम आकाशात उडू लागला. हा धातू हलका, पण मऊ. त्यात थोडे तांबे मिसळले की तो कणखर होतो. परंतु मग दमट, खाऱ्या हवेत तांब्याशेजारी जस्ताचे जे झाले, तेच ॲल्युमिनियमचे होऊ लागते. यावर उपाय म्हणून विमानांना क्रोमेटयुक्त रंगाचे अस्तर देत आले आहेत. त्याने रक्षण उत्तम होते. पण त्याची धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास कारागिरांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून कमी विषारी अस्तराचा शोध सुरू झाला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील नॉर्थ डकोटा येथील संशोधकांनी मॅग्नेशियमची बारीक पूड घातलेले अस्तर तयार केले. डेव्ही यांनी १८०८ साली वेगळा केलेला हा धातू तेथे स्वतः झिजतो आणि खालचा ॲल्युमिनियमचा पत्रा राखतो. पूड खर्ची पडली की ते रक्षणही संपते. म्हणून विमानाचे अस्तर वेळोवेळी तपासावे लागते.