टिनच्या डब्यात ओतलेले पिस्टन आणि 47 वर्षं जुनी गाडी : असा झाला बर्ट मन्रोचा विक्रम

‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हे नाव वाचून कुणालाही वाटेल, हा आपलाच कुणीतरी माणूस असणार. 2005 साली या नावाचा सिनेमा आला, त्यात अँथनी हॉपकिन्स होता. पण त्याचा हिरो न्यूझीलंडचा आणि ‘इंडियन’ म्हणजे त्याची मोटरसायकल. इंडियन हा अमेरिकेतला जुना ब्रँड.

हिरोचं नाव बर्ट मन्रो. जन्म 1899 चा, न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिलचा. शेतकऱ्याच्या घरातलं पोर. 1920 मध्ये त्याने नवी इंडियन स्काउट घेतली. इंजिन 600 सीसीचं आणि वेग ताशी 88 किलोमीटरच्या आसपास. त्या काळात हा वेग बरा होता. बर्टला तो पुरेना.

1926 च्या सुमारास त्याने गाडी खोलली आणि पुढची 40 वर्षं तो ती खोलतच राहिला.

दिवसा मोटरसायकली विकायची नोकरी आणि रात्रभर शेडमध्ये ठोकाठोक. रेसिंगचे पार्ट विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून हा गडी सगळं घरीच बनवायचा. भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळवायचा, जुन्या टिनच्या डब्यात ओतायचा आणि त्यातून पिस्टन काढायचा. सिलिंडरचे बॅरल घरचे, फ्लायव्हील घरचं. कनेक्टिंग रॉड तर त्याने ट्रॅक्टरच्या जुन्या अ‍ॅक्सलमधून कोरून काढले. मापाला मायक्रोमीटर हवा, तर त्याच्याकडे होता चाकाचा एक जुना स्पोक!

आता हे ऐकायला भारी वाटतं, पण कुठल्याही टर्नरला विचारा, पिस्टन म्हणजे काय डोकेदुखी असते. पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमधली फट मिलिमीटरच्या अगदी छोट्या हिश्श्याइतकी असते. इंजिन तापलं की अ‍ॅल्युमिनियम फुगतं, आणि ते लोखंडापेक्षा जास्त फुगतं. फट कमी ठेवली तर पिस्टन जाम होतो, जास्त ठेवली तर दाब गळतो आणि ताकद जाते. त्यात ओतकामात हवेचा एखादा बुडबुडा आत राहिला, तर बाहेरून काहीच दिसत नाही. तो पिस्टन फुटतो ते गाडी फुल वेगात असतानाच.

बर्टचे असे कित्येक पार्ट फुटले. ते त्याने फेकले नाहीत. शेडमध्ये एका फळीवर मांडून ठेवले आणि हे वेगाच्या देवाला वाहिलंय, असं तिथे लिहूनही टाकलं.

नैवेद्य फक्त पिस्टनचा नव्हता. घरी बायको होती, चार मुलं होती. 1940 च्या दशकाच्या अखेरीस लग्न मोडलं, नोकरीही सोडली आणि बर्ट सरळ गॅरेजमध्येच राहायला गेला. सिनेमा बघताना तो एकटा, मजेशीर म्हातारा आपल्याला आवडतो. पण तो एकटा का होता, हा प्रश्न मला तरी त्या फळीपेक्षा मोठा वाटतो.

सिनेमात तो अमेरिकेला एकदाच जातो. खरं तर तो युटा राज्यातल्या बॉनव्हिल इथल्या मिठाच्या मैदानावर दहा वेळा गेला होता. पहिल्यांदा नुसता बघायला, मग नऊ वेळा गाडी पळवायला. तेही अंजायनाचा त्रास असताना. 1962 मध्ये 883 सीसी गटात ताशी 288 किलोमीटरचा पहिला जागतिक विक्रम झाला. 1966 मध्ये दुसरा.

आणि 1967 मध्ये तिसरा. तेव्हा गाडी 47 वर्षांची, बर्ट 68 वर्षांचा. 600 सीसीचं इंजिन घरच्या सिलिंडरांनी वाढत वाढत 950 सीसीपर्यंत गेलं होतं. नोंद झाली ताशी 295 किलोमीटरची. पात्रता फेरीत तर एका बाजूने 305 चा आकडा लागला होता, पण विक्रम दोन्ही बाजूंच्या धावांवर ठरतो.

1978 च्या जानेवारीत बर्ट गेला. त्याच्या मुलाला पुढे लक्षात आलं, की 1967 च्या सरासरीचा हिशोबच चुकला होता. 2014 मध्ये अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने आकडा दुरुस्त केला : ताशी 296 किलोमीटर. मरून 36 वर्षं झालेल्या माणसाच्या गाडीचा वेग आणखी थोडा वाढला.