विश्लेषण : मोबाइलवरच्या ‘फिल्टर’मागचा विचार कोणाचा? कोण होते एडगर कॉड?

खरेदीच्या अ‍ॅपवर आपण बूट शोधतो. आधी मापाचा फिल्टर लावतो, मग किमतीचा, शेवटी ‘स्वस्त ते महाग’ असा क्रम. दर वेळी यादी बदलते, पण हाती उरते ती यादीच. म्हणून तिच्यावर पुढचा फिल्टर लावता येतो. अ‍ॅप लिहिणारे प्रोग्रामरही अनेकदा अशाच साखळीने डेटाबेसकडे माहिती मागतात. त्या साधनाला ‘क्वेरी बिल्डर’ म्हणतात. या साखळीचे मूळ एडगर कॉड यांच्या १९७० मधील शोधनिबंधात सापडते.

कॉड कोण होते?

एडगर फ्रँक ऊर्फ टेड कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातल्या पोर्टलंड बेटावर झाला. सात भावंडांत ते धाकटे. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी गणित आणि रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक म्हणून काम केले. १९४८ मध्ये ते न्यूयॉर्कला जाऊन ‘आयबीएम’मध्ये प्रोग्रामर झाले. सिनेटर मॅकार्थी यांच्या राजकारणाला विटून १९५३ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली आणि कॅनडा गाठले. चार वर्षांनी ते परतले. पुढे मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत आले.

तेव्हा अडचण काय होती?

त्या काळी डेटाबेसमधील नोंदी झाडाच्या फांद्यांसारख्या किंवा जाळ्यासारख्या जोडलेल्या असत. हवी ती नोंद शोधण्यासाठी कोणत्या फांदीवरून कुठे वळायचे, हे प्रोग्रामरलाच लिहावे लागे. माहितीची मांडणी बदलली की चालू प्रोग्राम बंद पडत. साधा नवा प्रश्न विचारायचा तरी नवा प्रोग्राम लिहावा लागे.

कॉड यांनी काय सुचवले?

माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि काय हवे तेवढेच सांगा. ते कसे शोधायचे हे यंत्र ठरवील. ओळी निवडणे, रकाने निवडणे, दोन तक्ते जोडणे अशा मोजक्या क्रिया त्यांनी गणिताच्या आधारे मांडल्या. त्यातली कळीची गोष्ट अशी, की तक्त्यावर कोणतीही क्रिया केली तरी उत्तर पुन्हा तक्ताच येते. त्यामुळे एका क्रियेला दुसरी जोडता येते.

कंपनीने ते स्वीकारले का?

लगेच नाही. आयबीएमचे ‘आयएमएस’ हे जुन्या, झाडासारख्या पद्धतीचे उत्पादन जोरात चालत होते. पुढे सॅन होजेतच ‘सिस्टिम आर’ हा प्रयोग सुरू झाला. तिथे डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेली भाषा म्हणजेच आजची ‘एसक्यूएल’. कॉड यांची स्वतःची ‘अल्फा’ ही भाषा मात्र मागे पडली. १९७९ मध्ये ‘ओरॅकल’ने असा डेटाबेस बाजारात आणला, आयबीएमचा स्वतःचा यायला १९८१ उजाडले. त्याच वर्षी कॉड यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

क्वेरी बिल्डरशी संबंध काय?

एसक्यूएलचे वाक्य एकसंध मजकूर असते. प्रोग्राममध्ये ते तुकडे चिकटवून तयार केले, तर एखादे स्वल्पविराम चुकते. त्याहून वाईट म्हणजे ग्राहकाने रकान्यात टाइप केलेला मजकूरच आज्ञा बनून डेटाबेसवर चालू शकतो. बिल्डरमध्ये तक्ता, अट, क्रम, मर्यादा हे भाग वेगवेगळे ठेवले जातात. प्रत्येक पायरी पुन्हा क्वेरीच परत देते, म्हणून पुढची पायरी तिला जोडता येते. शेवटी संपूर्ण वाक्य तयार होते आणि ग्राहकाने दिलेली मूल्ये आज्ञेपासून वेगळी पाठवली जातात. चांगल्या रचनेत आधीची क्वेरी न बदलता नवी मिळते, म्हणजे एकाच मूळ क्वेरीपासून अनेक याद्या काढता येतात. मधल्याच पायरीने क्वेरीऐवजी दुसरे काही परत दिले, की साखळी तुटते. कॉड यांनी तक्त्यांसाठी घातलेली शिस्त इथे अशी उपयोगी पडते.

कॉड समाधानी होते का?

पूर्णपणे नाही. एसक्यूएलमध्ये एकच ओळ दोनदा येऊ शकते. कॉड यांच्या गणितात त्याला जागा नव्हती. १९८४ मध्ये त्यांनी आयबीएम सोडली. पुढच्याच वर्षी, जुन्याच उत्पादनांवर नवे लेबल लावणाऱ्या कंपन्यांना चाप बसावा म्हणून, खरा रिलेशनल डेटाबेस कोणता हे ठरवणारे नियम त्यांनी प्रसिद्ध केले. ते ‘कॉडचे १२ नियम’ म्हणून ओळखले जातात. शून्यापासून मोजले तर ते १३ भरतात. १८ एप्रिल २००३ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, फ्लोरिडात त्यांचे निधन झाले. बारा नियमांत पूर्ण बसणारा डेटाबेस आजही विरळाच. पण तक्त्यातून तक्ता काढण्याची त्यांची रीत फोनवरच्या प्रत्येक फिल्टरमागे काम करते आहे.