ध्रुवाजवळच्या बर्फात वाऱ्यावर वीज पेटवणारा फ्रिट्योफ नान्सेन

ऑक्टोबर १८९३. सैबेरियाच्या उत्तरेला गोठलेल्या समुद्रात एक जहाज अडकून पडलं होतं. अडकलं म्हणजे काय, मुद्दाम अडकवलं होतं. आत १३ माणसं. सूर्य आता थेट पुढच्या वर्षी दिसणार होता. आणि डेकवर उभी होती एक पवनचक्की.

वारा सुटला, चक्की फिरली, तिला जोडलेला डायनामो फिरला आणि जहाजात विजेचा दिवा लागला. गावंच्या गावं अजून रॉकेलवर होती, तो हा काळ.

हे डोकं होतं फ्रिट्योफ नान्सेनचं.

नान्सेन नॉर्वेचा. जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा. शिकला प्राणिशास्त्र, पण नाद बर्फाचा. १८८८ मध्ये पाच जणांना घेऊन त्यानं स्कीवरून ग्रीनलंड आडवं पार केलं. परतीचं जहाज चुकलं म्हणून अख्खा हिवाळा तिथंच काढला. तिथल्या इनुइट लोकांकडून कयाक चालवायला शिकला. चरबीच्या दिव्यावर घर उजळतं कसं आणि उबदार राहतं कसं, हेही तिथंच बघितलं.

पुढं त्याच्या डोक्यात एक भन्नाट कल्पना आली. सैबेरियाच्या बाजूला बुडालेल्या एका जहाजाचे अवशेष ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले होते. म्हणजे बर्फ वाहतं. मग आपणही बर्फात गोठून त्याच्यासोबत ध्रुवाकडं वाहत का जाऊ नये? जाणकारांनी वेड्यात काढलं. नान्सेननं कॉलिन आर्चर या कारागिराकडून जहाज बांधून घेतलं. बर्फाचा दाब आला की फुटण्याऐवजी वर उचललं जाईल, असं गोल बुडाचं. नाव ‘फ्राम’, म्हणजे ‘पुढे’.

आता प्रश्न उजेडाचा. इतकी वर्षं दिवे चालवायला कोळसा पुरणार कुठून? म्हणून पवनचक्की. वारा पडला तर माणसांनी गोल फिरून ओढायचा घाणाही सोबत घेतला होता. तेवढाच व्यायाम! पण तो कधी वापरावाच लागला नाही. पवनचक्कीनं मात्र चांगली साथ दिली. वीज नसली की रॉकेलचे दिवे. ते रॉकेल जहाजात सुमारे १६ टन भरून ठेवलं होतं.

ध्रुव काही हाती लागेना. तेव्हा मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि हालमार योहान्सन कुत्रे, स्लेज, कयाक घेऊन पायी निघाले. ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोचले. तिथवर त्याआधी कुणीच गेलं नव्हतं. परतताना हिवाळ्यानं फ्रान्झ जोसेफ लँडवर गाठलं.

विजेच्या उजेडातून निघालेला माणूस आता दगडाच्या खोपटात होता. छपराला वॉलरसचं कातडं. स्लेजच्या धातूच्या पट्ट्या वाकवून दिवे केले, औषधाच्या पेटीतल्या पट्टीच्या वाती वळल्या आणि तेल म्हणून वॉलरसची चरबी. दोघांनी असे जवळपास नऊ महिने काढले. ग्रीनलंडचं शिक्षण असं कामी आलं.

ऑगस्ट १८९६ मध्ये नान्सेन नॉर्वेला पोचला. त्याच महिन्यात फ्रामही सगळी माणसं धडधाकट घेऊन परतली.

पुढचा नान्सेन आणखी मोठा आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्यानं चार लाखांहून जास्त युद्धकैदी घरी पोचवले. देश गमावलेल्यांना ‘नान्सेन पासपोर्ट’ मिळवून दिला. १९२२ चं शांततेचं नोबेल त्याचं. १३ मे १९३० ला तो गेला.

पण पवनचक्की आणि रॉकेलचं ते गणित आर्क्टिकमधल्या दुर्गम गावांना आजही सुटलेलं नाही. कॅनडातलं ओल्ड क्रो घ्या. रस्ता नाही, डिझेल विमानानं येतं. तिथल्या वुंटुट ग्विचिन लोकांनी २०२१ मध्ये ९४० किलोवॅटचा सौर प्रकल्प सुरू केला, बॅटरीसकट. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तेव्हा डिझेलचे जनरेटर चक्क बंद ठेवता येतात. मग हिवाळ्यात? बॅटरी काही तासांचं भागवते, महिन्यांचं नाही. त्यामुळं सूर्य गेला की जनरेटर पुन्हा धडधडायला लागतात, फ्रामवर वारा पडल्यावर रॉकेलचे दिवे लागायचे तसेच.