डॉक्टरांची काळजी कोणी घ्यायची?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत ठाऊक आहे. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता ते तिथेच गेले, एवढी गोष्ट शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि स्वतःच डॉ. कोटणीसांची भूमिका केली. त्यांच्या त्यागाची कथा अशी घरोघरी पोहोचली. त्या कथेत आरोग्याची एक बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. डॉ. कोटणीस गोळी लागून गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, एकामागून एक आलेल्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते.

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. भावंडे बरीच होती. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईला आले आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयातून, डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी सुरू होती. घरच्यांना आशा होती की मुलगा आता स्थिरस्थावर होईल.

जगात मात्र युद्धाचे ढग दाटले होते. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सैन्याकडे जखमी हजारो आणि डॉक्टर मोजके, अशी स्थिती होती. सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले, निधी गोळा झाला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे प्रमुख. स्पेनच्या यादवी युद्धात काम केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. पाचांपैकी दोघे मराठी मुलखातले होते. एकाचे गाव नागपूर, दुसऱ्याचे सोलापूर. मलकापूर, अकोल्यावरून जाणाऱ्या नागपूर-मुंबई लोहमार्गाच्या मुंबईच्या टोकाला बंदर होते. त्या बंदरातून १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या जहाजाने पथक निघाले. सोबत औषधे, शस्त्रक्रियेची हत्यारे आणि रुग्णवाहिका होती.

पारतंत्र्यातल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशाला धाडलेली ही मदत होती. चीनमध्ये पोहोचल्यावर पाचही जणांनी आपल्या चिनी नावांच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. त्याचा अर्थ चीन. कोटणीसांचे नाव झाले के दिहुआ. आजही तिथले लोक त्यांना याच नावाने ओळखतात.

पथक आधी हानखौ शहरात आणि मग माघार घेणाऱ्या सैन्याबरोबर चुंगकिंगला गेले. तिथे असतानाच वडील वारल्याची बातमी कोटणीसांना कळली. सहकाऱ्यांनी घरी परतण्याचा सल्ला दिला. त्यांनी कामावर राहायचे ठरवले. आजच्या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांमध्ये अशा प्रसंगी कर्मचाऱ्याला सहसा घरी जायला रजा मिळते आणि मानसिक आधारासाठी समुपदेशकही उपलब्ध असतो. त्या काळी एक पंचविशी ओलांडलेला डॉक्टर परक्या देशात, बॉम्बवर्षावाखाली, दुःख गिळून कामाला लागला.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. तिथली रुग्णालये डोंगर खोदून केलेल्या गुहांमध्ये चालत, कारण बाहेरच्या इमारतींवर जपानी विमाने बॉम्ब टाकत. औषधांची नाकेबंदी होती, थंडी हाडे गोठवणारी होती, जेवण साधे आणि बेताचे होते. प्रकृतीच्या व इतर कारणांनी सहकारी एकेक करून भारतात परतू लागले. चोळकर आणि मुखर्जी आधी गेले, त्यानंतर अटल. बसू येनानला राहिले आणि १९४३ मध्ये मायदेशी आले. कोटणीस शत्रूच्या वेढ्यातून वाट काढत उत्तरेकडच्या डोंगराळ आघाडीवर गेले.

त्या आघाडीवर त्यांच्या आधी एक परदेशी शल्यविशारद काम करत होता. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून. स्पेनच्या युद्धात रक्ताच्या बाटल्या थेट आघाडीपर्यंत नेण्याची व्यवस्था उभारून त्यांनी नाव कमावले होते. चीनमध्ये एका घाईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांच्या हातात रबरी हातमोजे नव्हते. बोटाला छोटीशी जखम झाली, रुग्णाच्या जखमेतले जंतू तिच्यातून आत शिरले आणि रक्तात पसरले. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, ४९ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. पेनिसिलिन तेव्हा रुग्णांपर्यंत पोहोचलेले नव्हते.

हातमोज्यांचा इतिहास इथे आठवण्यासारखा आहे. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे वापरायला सुरुवात झाली ती १८९० च्या सुमारास, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. डॉ. विल्यम हॅल्स्टेड यांच्या सहायक परिचारिकेच्या हातांना जंतुनाशक द्रावणामुळे त्रास होत होता. तिच्या हातांची कातडी वाचावी म्हणून त्यांनी रबर कंपनीकडून पातळ मोजे करवून घेतले. रुग्णाला होणारा जंतुसंसर्गही त्यामुळे कमी होतो, हे नंतर ध्यानात आले. कर्मचाऱ्याच्या सुरक्षेसाठी आणलेली वस्तू रुग्णाच्याही कामी आली. आरोग्यसेवेत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

बेथ्यून यांच्या नावाने सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा जानेवारी १९४१ मध्ये डॉ. कोटणीसांकडे आली. ते तिथले संचालक झाले. याआधी १९४० मध्ये एका प्रदीर्घ लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले होते आणि सलग ७२ तासांपर्यंत न झोपता शस्त्रक्रिया केल्या होत्या. संचालक झाल्यावर काम वाढले. शस्त्रक्रिया, रुग्णालयाचा कारभार, रुग्णालय वारंवार गावोगाव हलवणे आणि शिवाय वैद्यकीय शाळेत शिकवणे. चिनी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली होती की ते चिनीतून शिकवत आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियाशास्त्राचे पुस्तकही लिहीत होते. १९४१ च्या अखेरीस परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले, म्हणजे भारत आणि चीन.

या काळात त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. तरीही काम थांबले नाही. बाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचे असताना झटके आले आणि आवरेनासे झाले. हबेई प्रांतातल्या ज्या तांग जिल्ह्यात बेथ्यून गेले, त्याच जिल्ह्यात तीन वर्षांनी कोटणीसांचा शेवट झाला. हाताखालचे डॉक्टर, परिचारिका आणि पत्नी जवळ असूनही पुरेशी औषधे आणि साधने जवळ नव्हती.

त्यांना जे झाले त्याला वैद्यकशास्त्रात ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ म्हणतात. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अगदी सूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलतात. असंख्य पेशी एकाच वेळी बेसुमार संदेश सोडू लागल्या की झटका येतो. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरा आला, तर ती आणीबाणी असते. श्वास अडतो, मेंदूला प्राणवायू कमी पडतो, शरीराचे तापमान आणि हृदयाची लय बिघडते. फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून वापरात होते आणि फेनिटॉइन १९३८ मध्ये आले होते. वेढ्यातल्या डोंगरी खेड्यात त्यांचा नियमित पुरवठा ही दूरची गोष्ट होती. आज शिरेतून देण्याच्या लोराझेपामसारख्या किंवा नाकात फवारण्याच्या मिडाझोलामसारख्या औषधांनी असे बहुतेक झटके थांबवता येतात, मात्र ती पहिल्या काही मिनिटांतच द्यावी लागतात.

अपस्मार असणाऱ्या माणसात झटका ओढवून आणणारी कारणे ठरावीक आहेत. औषध चुकणे, ताप, दारू आणि अपुरी झोप. यांतली झोप सर्वांत दुर्लक्षित आहे. अपस्मार नसलेल्या माणसालाही ती सोडत नाही. सलग २४ तास जागलेल्या माणसाची एकाग्रता आणि हातांची चपळाई दारू प्यायलेल्या माणसाइतकी ढासळते, असे प्रयोगांत दिसले आहे. थकलेल्या डॉक्टरच्या हातून सुई टोचण्याचे, हात कापण्याचे प्रकार वाढतात. म्हणजे बेथ्यून यांचे बोट आणि कोटणीसांची न मिळालेली झोप ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत.

धोक्याच्या ठिकाणी माणसे पाठवायची तर त्यांना जपण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, हा विचार जगात हळूहळू रुजला. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर बॉम्बहल्ला होऊन २२ जण ठार झाले. तोच दिवस आता जागतिक मानवतावादी दिन म्हणून पाळतात. मे २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २२८६ संमत करून युद्धात रुग्णालये आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांचा निषेध केला. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित व निरोगी कामाची जागा हा कामगारांच्या मूलभूत हक्कांचा भाग मानला.

या ठरावांचा प्रत्यक्षातला अर्थ साधा आहे. संयुक्त राष्ट्रांचा कर्मचारी धोक्याच्या देशात जाण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी होते, लसी दिल्या जातात, जुने आजार नोंदवले जातात. अपस्मारासारखा आजार असेल तर औषध कुठून मिळणार, हे आधीच ठरवता येते. तिथे गेल्यावर ठरावीक आठवड्यांनी विश्रांती मिळते. सुई टोचली तर एचआयव्ही रोखणारी औषधे तातडीने मिळतात. प्रकृती बिघडली तर विमानाने हलवण्याची सोय असते. यातली एकही गोष्ट शौर्याच्या विरोधात जात नाही. अनुभवी शल्यविशारद जिवंत आणि शुद्धीत राहिला तर पुढचे शेकडो जखमी वाचतात, हा साधा हिशेब त्यामागे आहे. कोटणीस आणखी दहा वर्षे जगते तर किती जणांना शिकवून तयार करते, याचा विचार केला की हे पटते.

हा हिशेब अजून अपुरा आहे. जगभरात मदतकार्यात जीव गमावणाऱ्यांमध्ये बहुतेक जण त्या-त्या देशातलेच स्थानिक कर्मचारी असतात. परदेशी डॉक्टरला मिळणारी विमानाची सोय स्थानिक परिचारिकेला किंवा चालकाला बऱ्याचदा मिळत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. सरकारी रुग्णालयात सलग ड्यूटी करणारे निवासी डॉक्टर, मलकापूरवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर रात्रभर मालट्रक हाकणारे चालक, हंगामात जिनिंगमध्ये रात्रपाळी करणारे मजूर, या सगळ्यांच्या झोपेची नोंद कोण ठेवतो? कामाच्या जागी पाळी ठरवणाऱ्याने, ठेकेदाराने आणि घरच्यांनीही झोपेला सुरक्षेच्या साधनात धरायला हवे. फेफऱ्याचा त्रास असलेल्या माणसाने रात्रपाळी आणि वाहन चालवणे याविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि बरे वाटते म्हणून गोळी मनाने बंद करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात.

कोणाला समोर झटका आला तर काय करावे, हेही प्रत्येकाला माहीत असायला हवे. घड्याळ पाहा. डोक्याखाली मऊ कापड ठेवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, आसपासच्या टणक वस्तू बाजूला सारा. झटके ओसरू लागताच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ घशात जाणार नाही. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट किंवा कापड घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून झटका थांबत नाही, त्यात वेळ मात्र जातो. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, लगेच दुसरा आला, पहिल्यांदाच आला, किंवा ती गरोदर बाई असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

डॉ. कोटणीसांची समाधी आज चीनमधल्या शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा उद्यानात आहे. सोलापुरातल्या त्यांच्या घरी स्मारक झाले आहे. भारत आणि चीन दोघांनीही त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. भारतात येणारे चिनी नेते त्यांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले. त्यांचा मुलगा यिनहुआ वैद्यकशास्त्र शिकत असताना १९६७ मध्ये ऐन तारुण्यात वारला. पत्नी क्वो छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या. पतीच्या मृत्यूनंतर त्या जवळपास ७० वर्षे जगल्या. डॉ. कोटणीसांच्या त्यागाची खरी किंमत किती होती, ते त्या ७० वर्षांकडे पाहिले की कळते.