कै. गोपाळ गणेश आगरकर

आमच्या कोहमाऱ्याच्या चौकातून पश्चिमेकडे निघणारा महामार्ग भंडारा, नागपूर व अमरावती ओलांडून अकोल्यास जातो. त्या अकोल्याच्या शाळेतून १८७५ साली एक अत्यंत दरिद्री विद्यार्थी मॅट्रिकच्या परीक्षेत उतरला. पुढे त्याने महाराष्ट्रास एक अवघड प्रश्न विचारला. मनुष्यावर सत्ता कोणाची? सरकारची, जातीची, वाडवडिलांची, की त्याची स्वतःची? हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांच्याही घरांत रोज उभा राहतो, म्हणून यंदा आगरकरांचे चरित्र लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

गोपाळरावांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरी विद्येची आवड होती, पण पैसा नव्हता. कऱ्हाडास शिक्षण खुंटले तेव्हा त्यांनी कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधे तयार करण्याचे काम केले आणि शिकावयास मिळेल या आशेने रत्नागिरीपर्यंत पायपीट केली. तेथेही निभाव लागला नाही. अखेर नातलगांच्या आश्रयाने ते वऱ्हाडात आले. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुणग्राही शिक्षक त्यांना लाभले. मॅट्रिक होताच ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. तेथे अंगावरचा एकुलता सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालावा, अशी त्यांची स्थिती होती असे सांगतात.

कॉलेजात त्यांनी मिल्ल व स्पेन्सर या इंग्रज तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ मन लावून वाचले. राजाच्या जुलमाइतकाच समाजाचा जुलूमही भयंकर असतो, ही मिल्लची शिकवण. सरकारने न्याय व रक्षण यांपलीकडे लोकांच्या व्यवहारात फारसा हात घालू नये, हे स्पेन्सरचे मत. दोन्ही मते आगरकरांच्या हाडीमांसी खिळली. तेथेच १८७९ च्या सुमारास बळवंतराव टिळकांशी त्यांचा स्नेह जडला. मोठ्या पगाराची नोकरी धरावयाची नाही, लोकशिक्षणास आयुष्य वाहावयाचे, असा दोघांचा निश्चय झाला. एम. ए. होणारा मुलगा घरचे दारिद्र्य फेडील या आशेवर बसलेल्या आईस गोपाळरावांनी पत्राने कळविले की, पोटापुरते मिळाले म्हणजे आपण संतुष्ट राहू. त्या माउलीस ते पत्र वाचताना काय वाटले असेल, हे आमच्या पालकवर्गास सांगावयास नको.

४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' निघाला व आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. लवकरच कोल्हापूरचे प्रकरण उद्भवले. तेथील तरुण छत्रपतींचा दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडून छळ होत असल्याचा मजकूर 'केसरी' व 'मराठा' या पत्रांत प्रसिद्ध झाला. ज्या पत्रांच्या आधारावर तो लिहिला, ती बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांस प्रत्येकी चार महिन्यांची कैद झाली. यात एक गोष्ट आम्हांस फार गोड वाटते. या मंडळींशी ज्यांचे मुळीच पटत नसे, त्या जोतीराव फुले यांनी खटपट करून त्यांच्यासाठी जामीन मिळवून दिला. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात उभयतांनी १०१ दिवस काढले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने सांगितली. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचे 'विकारविलसित' हे त्यांचे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले.

सरकारची सत्ता अंगावर कशी येते, हे त्यांनी असे भोगून पाहिले होते. तथापि त्यांची खरी झुंज निराळ्याच सत्तेशी जुंपली. ब्राह्मण विधवेचे केस तिच्या संमतीवाचून उतरवितात, ते कोणत्या अधिकाराने? आठ वर्षांच्या मुलीचे लग्न बाप लावून देतो, तेव्हा ते कोणाचे लग्न? असे प्रश्न ते विचारू लागले. 'केसरी'तील सहकाऱ्यांस हे रुचेना; तेव्हा १८८७ साली त्यांनी ते पत्र सोडले आणि पुढील वर्षी ऑक्टोबरात 'सुधारक' सुरू केला. त्याची इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. मुलामुलींस एकच शिक्षण एकत्र द्यावे, हे मतही आगरकरांनी त्या काळी उघडपणे मांडले.

संमतिवयाच्या कायद्याचा वाद याच काळातला. विवाहित मुलीच्या संरक्षणाची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारे बिल सरकारने आणले व १८९१ च्या मार्चात ते मंजूर झाले. परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, सुधारणा लोकांच्या मनातून यावी, असे टिळकांचे म्हणणे. हे म्हणणे पोकळ नव्हते. स्वातंत्र्यप्रिय मनुष्यास ते सहज पटावे असेच होते. आगरकरांनी मात्र कायद्याची बाजू घेतली. समाजाचे स्वातंत्र्य म्हणजे समाजातील बलवानांनी दुर्बलांवर चालविलेली सत्ता नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. ज्या मुलीस बोलताही येत नाही, तिच्या वतीने कायदा बोलला तर त्यात स्वातंत्र्याची हानी कोणती? स्पेन्सरच्या शिष्याने सरकारास घरात बोलवावे, यात काहींना विसंगती दिसेल. आम्हांस ती दिसत नाही. मात्र कायदा दाराशी आला की तो पुढे कोठवर येईल, ही टिळकांची शंका अगदीच निराधार होती, असेही आम्ही म्हणणार नाही.

लोकांनी या मतांची किंमत आगरकरांकडून पुरेपूर वसूल केली. पुण्यातील सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली व ती त्यांच्या घरावरून नेली. दम्याने जर्जर झालेल्या त्या गृहस्थाने आपली तिरडी आपल्या डोळ्यांनी पाहिली.

ईश्वराविषयी आगरकर अज्ञेयवादी होते. मग ख्रिस्ती शाळेच्या वार्षिकात त्यांचे चरित्र कशास, असे कोणी विचारील. श्रद्धेच्या बाबतीत त्यांचा मार्ग आमचा नव्हे, हे उघड आहे. परंतु आमच्यांतील पुष्कळांच्या आजापणजांनी स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीस स्मरून धर्म पत्करला, तेव्हा गाव, जात व भाऊबंद एकीकडे आणि तो एकटा मनुष्य दुसरीकडे, अशीच स्थिती होती. त्या एकट्या मनुष्याचा हक्क आगरकर मागत होते. तो आम्हांस हवा आणि त्यांस नको, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

आणखी एक गोष्ट लिहावी की न लिहावी, असा विचार पडला होता. दहावीच्या वर्गातील हुशार मुलगी दिवाळीनंतर शाळेत येईनाशी होते. चौकशी करता पाहुणे येऊन गेल्याचे कळते. आज कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १८ आहे. तरी तिला कोणी विचारले होते काय, हा आगरकरांचा प्रश्न उरतोच.

१८९२ साली वामन शिवराम आपटे वारले व आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. पगार बेताचाच, दमा वाढता, आणि वर्तमानपत्राचे काम सुटलेले नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाचे ३९ वे वर्ष चालू असता, त्यांचे देहावसान झाले. मतभेदामुळे दुरावलेल्या टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. उशाशी एक लहानशी पुडी सापडली, असे सांगतात. आपल्या अंत्यविधीसाठी लागणारे पैसे गोपाळरावांनी तीत बांधून ठेविले होते.