राजर्षी अमोघवर्ष नृपतुंग

राष्ट्रकूट घराण्यात सिंहासन सुखासुखी हाती येत नसे. ध्रुवाने थोरला बंधू दुसरा गोविंद याला पदच्युत केले. ध्रुवपुत्र तिसऱ्या गोविंदाविरुद्ध त्याचा थोरला बंधू स्तंभ शस्त्र घेऊन उभा राहिला. अशा या घराण्यात इ. स. ८१४ मध्ये तिसरा गोविंद निवर्तला, तेव्हा त्याचा पुत्र शर्व, म्हणजेच अमोघवर्ष, अवघा तेरा-चौदा वर्षांचा होता.

बालराजाचे संरक्षकत्व चुलतबंधू कर्क सुवर्णवर्ष याच्याकडे आले. कर्क हा लाट देशाचा, म्हणजे दक्षिण गुजरातचा अधिपती. थोड्याच वर्षांत सामंत व आप्त यांनी बंड केले आणि अमोघवर्षाला राज्य गमवावे लागले. कर्कापाशी सैन्य होते, राजकुळाचे रक्त होते आणि संधीही होती. तरीही त्याने बंड मोडून इ. स. ८२१ पूर्वी अमोघवर्षालाच पुन्हा सिंहासनावर बसविले. पाठ्यपुस्तके हा प्रसंग एका ओळीत उरकतात. आम्हांस मात्र तो त्या घराण्याच्या रणांगणावरील विजयांहून थोर वाटतो. दुर्दैव असे, की पुढे कर्काचाच पुत्र ध्रुव व अमोघवर्ष यांच्यात वैर जुंपले आणि ध्रुव युद्धात पडला. समेट झाला तो ध्रुवाच्या नातवाच्या काळात.

अमोघवर्षाने सुमारे ६४ वर्षे राज्य केले. मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड, ही त्याची राजधानी. कन्नडमधील ‘कविराजमार्ग’ व महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हे ग्रंथ याच राजवटीतील. आचार्य जिनसेन त्याचे गुरू होत. इ. स. ८७१ चा संजाण ताम्रपट सांगतो, की प्रजेवरील अरिष्ट टळावे म्हणून त्याने आपल्या डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीला अर्पण केले. जैन आचार्यांचा हा शिष्य देवीचाही भक्त होता, हे विसरता कामा नये.

उत्तरायुष्यात त्याने राज्यकारभारातून मन काढून घेतले. ‘प्रश्नोत्तररत्नमालिके’च्या अखेरीस, विवेकाने राज्य सोडलेल्या अमोघवर्षाची ही रचना असल्याची नोंद आढळते. या ग्रंथाच्या कर्तृत्वाविषयी मतभेद असले, तरी तिबेटी अनुवादातही त्याचेच नाव आहे. इ. स. ८७८ च्या सुमारास पुत्र दुसरा कृष्ण गादीवर आला.

जिनसेनांचे महापुराण त्यांच्या हयातीत अपुरे राहिले होते. ते शिष्य गुणभद्रांनी पूर्ण केले. इ. स. ८९८ मध्ये, कृष्णाच्या राजवटीत, बंकापूर येथे त्या ग्रंथाची पूजा झाली. त्या प्रांताचा कारभार तेव्हा लोकादित्य पाहत होता. अमोघवर्षाचा निष्ठावंत सेनापती बंकेय याचा तो पुत्र.